कोणत्या सांध्याला कोणता रॉड?

घाटकोपरहून मुलुंडकडे जाणाऱ्या लालबहादूर शास्त्री मार्गानें, म्हणजे जुन्या लोकांच्या आग्रा रोडनें, दिवेलागणीच्या सुमारास कोणी चालत निघाला, तर कडेच्या गाळ्यांतून निळ्या-पांढऱ्या प्रकाशाचा झोत वरचेवर त्याच्या डोळ्यांवर येतो. अंधेरीस साकीनाक्याच्या आणि मरोळच्या गल्ल्यांतून हाच प्रकाश दिसतो. बोरिवलीस नव्या इमारतींच्या पायथ्याशींहि तोच दिसतो. कोठें खिडकीची जाळी जोडली जात असते, कोठें गॅलरीचा कठडा, कोठें गच्चीवरील पाण्याच्या टाकीखालचा सांगाडा. जाणारा डोळे वळवून पुढें जातो, आणि तें योग्यच आहे. परंतु वेल्डरच्या हातांतील जी बारीक कांब त्या प्रकाशांत क्षणोक्षणीं आंखूड होत असते, तिच्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. काम संपतें तेव्हां ती कांब उरलेली नसते. ती सांध्यांत गेलेली असते. किंबहुना तीच सांधा झालेली असते.

या कांबेस कारखान्यांतून 'फिलर रॉड' किंवा नुसतें 'रॉड' म्हणतात. तिची निवड ही केवळ कारागिराची बाब आहे, इतरांस त्याचें काय, असें पुष्कळांस वाटतें. पण पांचव्या मजल्यावरील गॅलरीचा चकाकता कठडा घ्या. त्यावर ओले कपडे वाळत पडतात, पावसाची सर पाहण्यासाठीं घरांतील मूल त्यावर रेलतें, म्हातारा मनुष्य उठतांना त्याचाच आधार घेतो. त्या सर्वांचा भार शेवटीं कठड्याच्या पायाशीं असलेल्या चार-सहा सांध्यांवर येतो. घांसून, पुसून आणि रंग देऊन झाल्यावर चांगला सांधा आणि वाईट सांधा दिसावयास सारखेच असतात. दोहोंतील भेद पुष्कळदां रॉडचा असतो, आणि तो भेद कळतो तेव्हां वेळ गेलेली असते.

धातूचे तुकडे सांधण्याची विद्या आपल्याकडे नवी नाहीं. सोनार दागिना झाळतो तेव्हां सोन्याच्या जातीचीच, पण दागिन्याहून थोडी लवकर वितळणारी झाळ वापरतो. कथलाचा डाख डब्याच्या पत्र्याला चालतो, सोन्याच्या बांगडीला चालत नाहीं, हें सोनाराच्या पोरालाहि सांगावें लागत नाहीं. भर कशाची घालावयाची हें मूळ धातूवरून ठरतें, हा नियम जुनाच आहे. वेल्डिंगमध्यें त्यांत एका गोष्टीची भर पडते. डाख देतांना मूळ वस्तु वितळत नाहीं. वितळलेली झाळ दोन तुकड्यांच्या मधल्या फटींत पसरते आणि त्यांना धरून ठेवते. वेल्डिंगमध्यें मूळ वस्तूच्या कडाहि वितळतात, रॉडहि वितळतो, आणि दोहोंचें मिळून एक तिसरेंच मिश्रण थिजतें. म्हणून रॉड हा गोंद नव्हे. ताकांत पाणी घातलें तर जें होतें तें ताकावर जितकें अवलंबून असतें तितकेंच पाण्यावरहि असतें. सांध्याचेंहि तसेंच आहे.

यावरून रॉड उचलण्यापूर्वीं कारागिरानें स्वतःला तीन प्रश्न विचारावयाचे असतात. पहिला, मूळ धातु कोणता? दुसरा, तो कोणत्या पद्धतीनें वितळविला जाणार? तिसरा, सांध्यास पुढें काय सोसावें लागणार? मुंबईसारख्या शहरांत चौथा प्रश्नहि येऊन मिळतो, तो हवेचा; पण त्याचा विचार शेवटीं.

प्रथम पद्धती पाहूं. सर्वांत साधी पद्धत गॅसची. ऑक्सिजन आणि अ‍ॅसिटिलीन या दोन वायूंची ज्योत सुमारें ३,१०० अंश सेंटिग्रेड इतकी तप्त असते, आणि पोलाद सुमारें १,५०० अंशांवर वितळतें. एका हातांत ज्योत व दुसऱ्या हातांत रॉड धरून कारागीर पातळ पत्रा जोडतो. येथें लागणारा रॉड उघडा असतो. त्यावर तांब्याचा जो पातळ मुलामा दिसतो तो मुख्यतः गंज लागूं नये म्हणून दिलेला असतो. तांबूस रंग पाहून कित्येक नवशिके त्यास तांब्याचाच रॉड समजतात. आंत असतें तें साधें पोलाद. ज्योत रॉडच्या पुढून न नेतां रॉडच्या पाठोपाठ उजवीकडून डावीकडे नेण्याची जी रीत पातळ पत्र्यास वापरतात, तींत रॉडची जाडी ठरविण्याचा एक सोपा ठोकताळा आहे: पत्र्याच्या जाडीची निम्मी करून तींत एक मिलिमीटर मिळवावा. दोन मिलिमीटरच्या पत्र्यास दोन मिलिमीटरचा, चार मिलिमीटरच्या पत्र्यास तीन मिलिमीटरचा रॉड पुरतो. रॉड फार जाड घेतला तर तो वितळेपर्यंत पत्र्यास भोंक पडतें; फार बारीक घेतला तर तो पत्र्याच्या कडा वितळण्यापूर्वींच ठिबकूं लागतो, आणि सांधा वरवर चिकटतो.

दुसरी पद्धत विजेच्या कमानीची, म्हणजे आर्कची. रस्त्यावरून जो प्रकाश दिसतो तो बहुधा हिचाच. यांत रॉडमधूनच वीज वाहते, आणि तोच वितळून सांध्यांत पडतो. म्हणून त्यास इलेक्ट्रोड असें नांव आहे. आरंभीं हा इलेक्ट्रोड म्हणजे नुसती तार असे. तप्त धातु उघड्या हवेंतील ऑक्सिजन व नायट्रोजन शोषून घेई, आणि सांधा ठिसूळ व सच्छिद्र होई. स्वीडनमध्यें जहाजांचे बॉयलर दुरुस्त करणाऱ्या ऑस्कर केलबर्ग यानें यावर उपाय शोधला, आणि १९०७ सालीं तारेवर आवरण देण्याच्या युक्तीचें पेटंट घेतलें. हें आवरण जळतांना त्यांतून निघणारा वायु हवेला दूर सारतो, त्याचा वितळलेला मळ सांध्यावर दुलईसारखा पसरून त्यास सावकाश थंड होऊं देतो, आणि त्यांतील द्रव्यें धातूंतील दोष काढून टाकतात. आज इलेक्ट्रोडची खरी जात तारेवरून ओळखत नाहींत. ती या आवरणावरून ओळखतात.

आवरणांच्या मुख्य जाती तीन. पहिली सेल्युलोजची, हिची कमान खोल जाते, म्हणून लांबच्या नळांच्या जोडांस ती वापरतात. दुसरी रुटाइलची, म्हणजे टायटेनियमच्या खनिजाची. हिची कमान सहज पेटते, मळ सहज निघतो, साध्या यंत्रावरहि काम होतें. जाळ्या, दरवाजे, कठडे करणाऱ्या बहुतेक गाळ्यांतून हीच असते, आणि तिच्या पुड्यावर 'ई ६०१३' असा अमेरिकन पद्धतीचा आंकडा आढळतो. तिसरी बेसिक, म्हणजे चुनखडीच्या जातीची. 'ई ७०१८' हा तिचा प्रसिद्ध आंकडा. जाड तक्ते, पुलाच्या तुळया, दाबाखालीं राहणारीं पात्रें, यांस ती लागते.

हे आंकडे गूढ नाहींत. 'ई' म्हणजे इलेक्ट्रोड. पुढील ६० किंवा ७० म्हणजे सांध्यांतील धातूनें दर चौरस इंचास किती हजार पौंडांचा ताण निदान सोसावा तें माप. त्यानंतरचा १ सांगतो कीं आडवें, उभें, डोक्यावर, कोणत्याहि स्थितींत हा रॉड चालवावा. शेवटचा आंकडा आवरणाची जात व विजेचा प्रकार दाखवितो. भारतीय मानक ८१४ मध्येंहि अशाच इलेक्ट्रोडांस अक्षरांकांची खूण दिलेली आहे. तींत 'आर' हें अक्षर रुटाइलचें व 'बी' हें बेसिकचें. ज्याला ही खूण वाचतां येते त्याला दुकानदाराच्या शब्दावर विसंबावें लागत नाहीं.

भारी रॉड म्हणजे चांगला रॉड, अशी एक समजूत मात्र गिऱ्हाइकांत आणि कांहीं कारागिरांतहि आहे. ती खरी नव्हे. बांधकामाच्या नेहमींच्या पोलादाची ताण सोसण्याची शक्ति दर चौरस मिलिमीटरास सुमारें ४१० न्यूटन असते. ६०१३ चा सांधा त्याहून कमी भरत नाहीं. तेव्हां खिडकीच्या पातळ जाळीस ६०१३ कोरडा असून नीट चालविला, तर तोच योग्य. तेथें ७०१८ आणून आणि त्यास न मानवणाऱ्या यंत्रावर अडखळत चालवून सांधा उलट बिघडतो. उलटपक्षीं, माल उचलणाऱ्या तुळईच्या जाड सांध्यास ६०१३ वापरणें ही काटकसर नव्हे. वीस मिलिमीटरचा तक्ता सांध्याची उष्णता भराभर ओढून घेतो, आंत ओढाताण राहते, आणि तेथें नुसत्या ताकदीपेक्षां न तडकण्याचा गुण महत्त्वाचा ठरतो. तो गुण बेसिक आवरणाचा.

तिसरी पद्धत टिग या नांवानें ओळखली जाते. १९४१ च्या सुमारास अमेरिकेंत विमानांच्या हलक्या धातूंसाठीं ती पुढें आली. हींत टंग्स्टनची न वितळणारी सुई कमान पेटवते, भोंवतीं आर्गन वायूचें कवच असतें, आणि रॉड निराळ्या हातानें घातला जातो. गॅसच्या कामासारखेंच हें दिसतें, आणि येथेंच फसगत होते. आर्गन हवेला दूर ठेवतो, पण धातूंत आधींच असलेला ऑक्सिजन काढून घेत नाहीं. तें काम रॉडमधील सिलिकन, मँगॅनीज, किंवा टायटेनियम व अ‍ॅल्युमिनियम यांनीं करावयाचें असतें. म्हणून 'ई आर ७० एस-२' किंवा 'एस-६' असे, हीं द्रव्यें मुद्दाम घातलेले रॉड टिगसाठीं असतात. गॅसचा साधा रॉड येथें वापरला तर सांध्यांत जाळीदार पावासारखीं छिद्रें पडतात. त्याहून वाईट रीत म्हणजे साध्या इलेक्ट्रोडचें आवरण हातोडीनें झाडून आंतील तार टिगसाठीं घेणें. त्या तारेची सारी औषधें आवरणांत होतीं. तें फेकून दिल्यावर उरतें तें आजाऱ्याला औषधाची रिकामी बाटली पाजण्यासारखें.

चौथी पद्धत गुंडाळीवरील तारेची. कारखान्यांतून तिला सीओटू वेल्डिंग असेंच म्हणतात. बंदुकीसारख्या यंत्रांतून तार आपोआप पुढें येते आणि कार्बन डायॉक्साइडचें कवच तिला राखतें. हा वायु तापून फुटतो तेव्हां थोडा ऑक्सिजन सुटतो, म्हणून तारेंत सिलिकन व मँगॅनीज भरपूर हवे. 'एस-६' ही तार त्यासाठींच रूढ झाली. शेडमध्यें ही पद्धत झपाट्याची व स्वच्छ. पण बोरिवलीच्या वीस मजली इमारतीच्या गच्चीवर, समुद्राकडून वारा सुटला असतां, तें वायूचें कवच टिकत नाहीं. तेथें आवरणाचा जुना इलेक्ट्रोडच शहाणा.

आतां धातूंकडे वळूं, आणि पहिल्या कठड्यापासूनच आरंभ करूं. घरगुती बोलींत ज्याला नुसतें 'स्टील' म्हणतात तें स्टेनलेस पोलाद असतें. त्याच्या नेहमींच्या ३०४ या जातींत सुमारें १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असतें. तें त्याच जातीच्या तुकड्यास जोडावयाचें तर ३०८ एल हा रॉड. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेसाठीं ज्यांत मॉलिब्डेनम घातलेलें असतें त्या ३१६ जातीस ३१६ एल. 'एल' म्हणजे कार्बन अत्यल्प, शेंकडा ०·०३ हून अधिक नाहीं. कार्बन अधिक असला तर सांध्याशेजारच्या तापलेल्या पट्ट्यांत तो क्रोमियमला बांधून टाकतो, आणि गंज थोपविण्यास क्रोमियम पुरत नाहीं. मग चकचकीत नळी सांध्याच्या कडेनें तांबूस होऊं लागते.

पण कठड्याचा पाया बहुधा स्टेनलेसचा नसतो. काँक्रीटमध्यें बसविलेली पट्टी साध्या पोलादाची असते, आणि तिच्यावर स्टेनलेसची नळी उभी करावयाची असते. दोन निराळ्या कुळांचा हा संबंध. येथें साध्या पोलादाचा रॉड वापरला तर नळीतील क्रोमियम व निकेल त्यांत थोडें थोडें मिसळतें. तें गंज थोपविण्यास पुरत नाहीं, पण सांध्यास काचेसारखा कठीण व ठिसूळ करण्यास पुरतें. ३०८ वापरला तरी साध्या पोलादाच्या भेसळीनें तो पातळ होतो व तडकण्याचें भय राहतें. म्हणून यासाठीं ३०९ एल हा रॉड केला आहे. त्यांत क्रोमियम सुमारें २३ ते २४ टक्के व निकेल १२ ते १३ टक्के, म्हणजे दोन्ही मुद्दाम वाढवून घातलेले असतात; भेसळ होऊनहि सांधा चिवट राहावा हा हेतु. अनोळखी घरांत सून देतांना आई पदराला चार पैसे जास्त बांधून देते, त्यांतलाच हा प्रकार. कठड्यावर रेलणाऱ्या मुलाचा जीव या शेवटच्या आंकड्यांतील फरकावर असतो, हें कारागिराला ठाऊक असलें पाहिजे. आणि कठडा करवून घेणाऱ्यानें तें विचारलें पाहिजे.

बिडाची गोष्ट आणखी निराळी. पंपाचा देह, जुन्या यंत्राची बैठक, उसाच्या चरकाची चौकट हीं बिडाचीं असतात. बिडांत कार्बन तीन टक्क्यांच्या आसपास किंवा अधिक असतो. त्यास साधा रॉड लावला तर तो कार्बन सांध्यांत उतरतो आणि सांधा इतका कठीण होतो कीं त्यावर कानस चालत नाहीं. थंड होतां होतां शेजारीं नवी भेग पडते ती वेगळीच. यासाठीं निकेलचा इलेक्ट्रोड घेतात. तो महाग असतो, पण मऊ राहतो. तोहि एकदम लांब ओढावयाचा नाहीं. इंचभर ओढावा, हलक्या हातोडीनें ठोकावा, थंड होऊं द्यावा, मग पुढचा इंच. घाई करणाराचें बीड फुटतें.

अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या आतां सर्वत्र झाल्या आहेत. हा धातु ६६० अंशांवर वितळतो, पण त्याच्या अंगावरील ऑक्साइडची साय २,००० अंशांनंतरहि टिकते. ती साय फोडण्यासाठीं टिगवर उलटसुलट वाहणारी वीज लागते. रॉड मुख्यतः दोन. पांच टक्के सिलिकनचा ४०४३ सहज वाहतो व सांधा तडकूं देत नाहीं. पण पुढें चौकटीस अ‍ॅनोडाइझिंगचा रंग द्यावयाचा असेल तर सांधा काळपट उमटतो. पांच टक्के मॅग्नेशियमचा ५३५६ रंगास जुळतो व ताकदीसहि अधिक. मात्र सतत ६५ अंशांहून अधिक तापणाऱ्या जागीं तो घालूं नये. म्हणजे खिडकीस एक, आणि तापणाऱ्या यंत्राच्या भागास दुसरा.

थंड हवेच्या यंत्रांच्या तांब्याच्या नळ्या तर घरोघरीं जोडल्या जातात. येथें नळी वितळवीत नाहींत. हें झाळण्याचेंच काम. तांब्यास तांबें जोडतांना तांबें व फॉस्फरस यांचा रॉड घेतात. फॉस्फरसच तांब्यावरील काट काढतो, म्हणून टाकणखार किंवा दुसरें द्रव्य लागत नाहीं. सोयीच्या या रॉडमुळेंच चूक होते. तोच रॉड तांब्याची नळी लोखंडी तुकड्यास जोडण्यास वापरला तर फॉस्फरस लोखंडाशीं मिळून ठिसूळ थर करतो, आणि यंत्राच्या थरथरीनें सांधा कांहीं दिवसांत गळूं लागतो. तेथें चांदीचा अंश असलेला रॉड व त्याचें द्रव्य हींच पाहिजेत.

आतां राहिला तो चौथा प्रश्न, मुंबईच्या हवेचा. जुलै महिन्यांत उपनगरांत भिंतींना ओल येते, काडेपेटी पेटत नाहीं, पापड मऊ पडतात. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझच्या वेधशाळेनें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला, तो दिवस निराळा. पण नेहमींच्या पावसाळ्यांतहि उघडा पडलेला इलेक्ट्रोडचा पुडा पापडासारखाच ओल शोषतो. बेसिक आवरणास हें सर्वांत बाधतें. ओलींतील पाणी कमानींत फुटतें, त्यांतील हायड्रोजन वितळलेल्या पोलादांत शिरतो आणि थिजतांना आंत कोंडला जातो. सांधा त्या वेळीं निर्दोष दिसतो. मग कांहीं तासांनीं, कधीं एक-दोन दिवसांनीं, जाड किंवा कठीण पोलादांत केंसाएवढी भेग पडते. म्हणूनच महत्त्वाच्या सांध्यांची तपासणी पुष्कळदां ४८ तास थांबून करतात. ज्या रॉडची ख्याति न तडकण्याबद्दल, तोच ओला झाल्यावर तडकण्यास कारण होतो. त्यामुळें ७०१८ सारखे रॉड वापरण्यापूर्वीं ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास भाजून घेतात, आणि पुढें १०० अंशांच्या वरच गरम पेटींत ठेवून लागतील तसे काढतात. ६०१३ ला एवढी भट्टी नको. शंभर-सव्वाशें अंशांची ऊब त्यास पुरते. आणि सेल्युलोजचा रॉड मुळींच भाजावयाचा नाहीं, कारण त्याच्या कमानीचा जोर थोड्या ओलाव्यावरच चालतो. एकाच भट्टींत सर्व रॉड घालणारा कारागीर दोहोंचें नुकसान करतो.

ही विद्या उपनगरांस परकी नाहीं. घाटकोपर आणि मुलुंड यांच्या मधोमध भांडुप लागतें. १९५१ सालीं स्थापन झालेल्या अडवाणी-ओर्लिकॉन कंपनीनें इलेक्ट्रोड बनविण्याचा उद्योग तेथें चालविला. हीच कंपनी पुढें एडोर वेल्डिंग या नांवानें ओळखली जाऊं लागली. जवळच पवईस लार्सन आणि टुब्रो यांच्या कारखान्यांत अणुविद्युत् केंद्रांसाठीं अवजड पात्रें घडलीं, आणि विक्रोळीस गोदरेजच्या कारखान्यांत अग्निबाणांचीं इंजिनें. अशा कामांत कोणत्या सांध्यास कोणता रॉड, तो किती भाजला, कोणी चालविला, हें सर्व लिहून ठेवावें लागतें. त्याच रस्त्यावरील लहान गाळ्यांत असें कांहींच लिहिलें जात नाहीं. तेथें कामाचा दर फुटावर ठरतो, गिऱ्हाईक घाई करतें, आणि चार निरनिराळे पुडे ठेवण्यास भांडवल नसतें. तेथील वेल्डरच्या अंगीं कसब नसतें असें नव्हे. जस्ताच्या नळ्या जोडतांना येणाऱ्या पांढऱ्या धुराचा ताप अंगावर काढून तो दुसऱ्या दिवशीं कामावर हजर असतो. कमी असतें तें रॉडविषयीं कोणी विचारणारें.

विचारणें कांहीं अवघड नाहीं. काम सांगतांना गिऱ्हाइकानें एवढेंच पाहावें: ज्या पुड्यांतून रॉड निघाला त्यावरील खूण कोणती? स्टेनलेस नळी साध्या पट्टीवर बसवितांना ३०९ आहे काय? पुडा फाटून ओलींत पडला होता काय? संबंध कठड्याच्या किंमतीपुढें योग्य रॉडचा वाढीव खर्च थोडा असतो. तो गिऱ्हाइकानें आपण होऊन द्यावा, म्हणजे कारागिरास चोरून काटकसर करण्याचें कारण उरत नाहीं. कारागिरानेंहि उरलेले तुकडे एकाच डब्यांत टाकण्याची संवय सोडावी. आवरण झडलेला किंवा रंग पुसलेला रॉड कोणत्या जातीचा हें कोणासच सांगतां येत नाहीं, आणि ज्याची जात ठाऊक नाहीं तो भार घेणाऱ्या सांध्यास लावूं नये. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून वेल्डरचा अभ्यास शिकणाऱ्या मुलांनीं कमान सरळ धरण्याबरोबरच पुड्यावरची खूण वाचण्यासहि तितकेंच महत्त्व द्यावें.

कठडा उभा राहतो, रंग वाळतो, वेल्डर आपलें यंत्र हातगाडीवर घालून पुढच्या इमारतीकडे जातो. त्याचें नांव त्या कठड्यावर कोठेंहि लिहिलेलें नसतें. पण पुढें कित्येक पावसाळे त्या घरचीं माणसें त्यावर निःशंकपणें हात ठेवतील. त्या निःशंकपणाला योग्य असा सांधा देणें, हाच रॉड निवडण्याचा सारा अर्थ आहे.